लाल ड्रॅगनची राखण

उत्तर फ्रान्समधील अल्बर्ट हे गाव मागे टाकून मामेट्झकडे निघाले, की दोन्ही बाजूंना शेतेच शेते लागतात. रस्ता अरुंद होत जातो, उताराला लागतो आणि अचानक समोर उभा राहतो दगडी चौथऱ्यावरचा लालभडक ड्रॅगन. पंख पसरलेले आणि पंजात काटेरी तार. त्याची नजर मात्र येणाऱ्या पाहुण्याकडे नसते. ती समोरच्या रानावर खिळलेली असते.

त्या रानात जुलै १९१६ मध्ये वेल्सची एक पिढी कापली गेली. लाल ड्रॅगन हे वेल्सच्या ध्वजावरचे चिन्ह. म्हणूनच आपल्या मुलांची राखण करायला वेल्सने त्यालाच इथे पाठवले.

पहिल्या महायुद्धात वेल्समधून ३८ वी डिव्हिजन उभी राहिली. तिच्यात खाणकामगार होते, शेतकरी होते, कारकून आणि शिक्षक होते. एका गल्लीत वाढलेली, एका खाणीत राबणारी पोरे एकाच पलटणीत भरती झाली. सोबतीने गेलो तर भीती कमी वाटेल, हा त्यामागचा साधा हिशेब. पण अशी पलटण पडते, तेव्हा घरोघरी एकाच आठवड्यात तारा येतात, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

सॉमच्या लढाईत हे रान जिंकण्याची कामगिरी त्यांच्यावर आली. ७ जुलैचा पहिला हल्ला मोकळ्या उतारावर मशीनगनच्या माऱ्यापुढे कोलमडला. १० जुलैच्या पहाटे ते पुन्हा निघाले आणि या खेपेस रानात शिरले. तोफांनी मोडलेली झाडे, तारा, वाढलेली झुडपे, आणि त्यातून हातघाईची लढाई. १२ जुलैपर्यंत रान मोकळे झाले. तोवर ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ४,००० माणसे कामी आली होती.

लेविलिन विन ग्रिफिथ हा अधिकारी तेव्हा ब्रिगेडच्या मुख्यालयात होता. आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच माणसांवर पडत होते. तो मारा थांबवण्यासाठी त्याने निरोप धाडला. निरोप नेणाऱ्यांत त्याचा धाकटा भाऊ होता. निरोप पोहोचला. भाऊ परतताना मारला गेला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अप टू मामेट्झ’ या पुस्तकात ग्रिफिथने ही हकीकत लिहिली. कर्तव्य चोख बजावले आणि त्याचीच किंमत घरच्या माणसाने मोजली, ही खंत कोणत्या पदकाने भरून निघणार?

रानाजवळच फ्लॅटआयर्न कॉप्स ही लष्करी दफनभूमी आहे. तिथल्या सुमारे १,५०० कबरींत सख्ख्या भावांच्या तीन जोड्या आहेत. त्यातली एक ऱ्होंडा खोऱ्यातील फर्नडेल या कोळशाच्या गावची. ११ जुलैला एकाला गोळी लागली. दुसरा मदतीला धावला आणि तोही पडला. दोघे आज शेजारी शेजारी निजले आहेत. ब्रिटिश सरकारने सैनिकांचे देह मायदेशी नेण्यास बंदी केली होती, त्यामुळे कितीतरी आयांना मुलाची कबर कधी डोळ्यांनी दिसलीच नाही.

एवढे होऊनही या डिव्हिजनवर ठपका आला. हल्ल्यात जोर नव्हता, असे वरिष्ठ म्हणाले. तो डाग अनेक वर्षे राहिला. अखेर ११ जुलै १९८७ रोजी, तब्बल ७१ वर्षांनी, डेव्हिड पीटरसन या शिल्पकाराने घडवलेला हा ड्रॅगन इथे उभा राहिला. चौथऱ्यावर वेल्सच्या तीन रेजिमेंटांची चिन्हे आहेत आणि कोरलेल्या मजकुरात त्या मुलांची मायबोली, वेल्शही आहे.

भारतीय पाहुण्याने इथे आणखी क्षणभर थांबावे. रान मोकळे झाल्यावर दोनच दिवसांनी, १४ जुलैच्या संध्याकाळी, जवळच्याच हाय वूडपाशी भारतीय लष्करातील २० व्या डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून दौडत गेले. डेक्कन हॉर्सचे नाव भारतीय लष्करात आजही आहे, फक्त घोड्यांच्या जागी रणगाडे आले. याच देशात आणखी उत्तरेला, नव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत.

रान आता पुन्हा दाट झाले आहे. झाडांखाली खंदकांचे आणि तोफगोळ्यांचे खड्डे अजून ओळखू येतात. येणारे चौथऱ्याशी लहानसे क्रूस, लाल कागदी फुले ठेवून जातात. जाण्यापूर्वी दफनभूमीतल्या एखाद्या शिळेवरचे नाव हलक्या आवाजात वाचावे. ज्या आईला इथवर येता आले नाही, तिच्या वतीने तेवढे तरी करता येते.