वळणांचे शब्द

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस परक्या शब्दांचे भय सहसा वाटत नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या दस्तऐवजांत उर्दू आणि आठवड्याच्या बाजारी शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडी गोंडी, अशा चौरंगी व्यवहारात आमच्या पिढ्या वाढल्या. असे असता गेल्या दिवाळीत एका मराठी वाक्यानेच आम्हांस निरुत्तर केले. वाक्य असे होते : "आजोबा, त्याने एपेक्स चुकवला, अंडरस्टिअर होऊन वाइड गेला आणि पोझिशन घालवली." क्रियापदे तेवढी आमच्या ओळखीची होती.

बोलणारा मुलगा आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा नातू. स्नेही बेल्याकडचे कापूस उत्पादक. नातू हैदराबादेस यंत्रशास्त्र शिकतो. त्याच्या महाविद्यालयातील मुलांनी मिळून एका माणसाची छोटी शर्यतगाडी बांधावयास घेतली आहे, आणि त्यासाठी प्रत्येकाने काही हजार रुपये घालावयाचे ठरले आहे. कापसाची पट्टी हाती येण्यापूर्वीच तिला ही वाट फुटलेली पाहून स्नेह्यांनी आम्हांस बोलावून घेतले. "गुरुजी, पोराले समजावा," एवढेच ते म्हणाले.

समजावावयास गेलो खरे. पण ज्याचे बोलणेच आपणांस कळत नाही त्यास समजवावे कसे? म्हणून आम्ही त्या मुलासमोर विद्यार्थी होऊन बसलो. त्याने संगणकावर हैदराबादची शर्यत लावली. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची 'फॉर्म्युला ई' ही जागतिक स्पर्धा प्रथमच भारतात झाली. नातू त्या वेळी प्रेक्षकांत होता. मार्ग पावणेतीन किलोमीटरहून थोडा अधिक लांब, वळणे १८, गाड्या २२. 'फॉर्म्युला' म्हणजे गणितातले सूत्र नव्हे. गाडीचे वजन किती असावे, ताकद किती असावी, यंत्रणा कशी असावी, याची सर्वांवर बंधनकारक असलेली नियमावली म्हणजे फॉर्म्युला. हा उलगडा होताच आम्हांस थोडा धीर आला.

पुढच्याच शब्दाला मात्र आमची फजिती झाली. सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या गाडीस 'पोल पोझिशन' मिळाली असे ऐकून आम्ही लगेच 'ध्रुवस्थान' असा प्रतिशब्द सुचविला आणि स्वतःवर खूशही झालो. मुलगा हसला. या पोलचा ध्रुवाशी काही संबंध नाही. हा साधा खांब आहे. अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतीत आतल्या बाजूच्या खांबालगतची जागा मोक्याची मानीत, तिचे नाव मोटारींनी उचलले. हैदराबादेस ती जागा जग्वार संघाच्या मिच इव्हान्सने पटकावली. त्यासाठी सकाळी आधी दोन गटांत घड्याळावर धावायचे, प्रत्येक गटातले चौघे निवडायचे आणि मग दोघादोघांची झुंज लावायची. सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी मैदानांत 'गट पास' होऊन सेमीत आणि तेथून फायनलला जातात, तोच हा प्रकार.

बैलांचा उल्लेख होताच स्नेही जवळ सरकून बसले. ते आणि त्यांचे वडील नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शंकरपटाला जात. वडील स्वतः धुरकरी. पटाचे सारे शब्द त्यांच्या जिभेवर असतात : दाण, जोडी, कासरा, धुरकरी. नातवास यांतला एकही शब्द ठाऊक नव्हता, आणि यात त्याचा दोष नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि घटनापीठाने त्या राज्याचा कायदा वैध ठरविला तो १८ मे २०२३ रोजी. तोवर हा मुलगा हैदराबादकर झाला होता. एकाच घरात शर्यतीचे दोन कोश, आणि दोघांचे वाचक वेगळे!

शब्दांची तुलना करू जाता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. शंकरपटाची दाण सरळ असते. म्हणून सुटण्याचे, पळण्याचे, पोहोचण्याचे शब्द आपल्यापाशी भरपूर आहेत. वळण्याचा मात्र एकही नाही. मोटारींच्या शर्यतीचे खरे शास्त्र वळणांत आहे आणि तिचे अवघड शब्दही बहुतेक तेथलेच आहेत. सरळ रस्त्यावर वेगाने जाणे हे बव्हंशी यंत्राचे काम. वळणाआधी किती उशिरा ब्रेक दाबावा, आत किती शिरावे आणि बाहेर पडताना वेग कधी द्यावा, हे माणसाचे.

'एपेक्स' म्हणजे वळणाच्या आतल्या कडेवरचा तो बिंदू, जेथे गाडी कडेच्या सर्वांत जवळ येते. जुन्या महबूब घाटातून निर्मलला गेलेल्या वाचकांनी आर.टी.सी.च्या मुरब्बी चालकास पाहिले असेल. समोरून काही येत नाही अशी खात्री झाली की तो बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, मध्यावर आतल्या कडेला चिकटतो आणि पुन्हा बाहेर पसरतो. अशाने वळणाची गोलाई सौम्य होते आणि वेग कमी मोडतो. या मार्गास 'रेसिंग लाइन' म्हणतात. रस्त्यावर ती नेहमी आखलेली नसते, चालकाच्या डोळ्यांत असते. घाटातल्या ज्या वळणास केसांच्या आकड्याचा आकार असतो, ते 'हेअरपिन'.

'अंडरस्टिअर'शी आम्ही बराच वेळ झगडलो. मुलगा कागदावर बाण काढीत होता, आम्ही माना डोलावीत होतो, कळत काही नव्हते. शेवटी स्नेहीच म्हणाले, "अरे, पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर वळवला तर तोंड वळते अन् गाडी सरळच जाते, ते का?" मुलगा क्षणभर स्तब्ध झाला. तेच ते, नेमके तेच. पुढची चाके वळविलेली असतात, पण जमीन धरीत नाहीत, म्हणून गाडी वळणाच्या बाहेर घसरते. आणि पुढच्या चाकांनी पकडले पण मागची निसटली, तर गाडीचा मागचा भाग झोकांडी खातो, तो 'ओव्हरस्टिअर'. आदिलाबादच्या काळ्या मातीने जे धडे दिले त्यांस नावे तेवढी नव्हती.

एकदा नावे लागली आणि इतका वेळ नुसता गोंगाट वाटणारा पडदा वाचता येऊ लागला. आघाडीवरच्या गाड्यांपैकी एक मधेच चांगली वाट सोडून वळणाच्या बाहेरून का गेली? ती 'अटॅक मोड' घ्यावयास गेली. बाहेरच्या बाजूस आखलेल्या पट्ट्यावरून गाडी नेली की काही मिनिटे तिला ३०० ऐवजी ३५० किलोवॅट ताकद वापरता येते. आधी थोडे गमवायचे आणि मग कमवायचे, असा हा सौदा. मागची गाडी पुढचीच्या शेपटीला का चिकटली होती? ती 'स्लिपस्ट्रीम'मध्ये होती. पुढची गाडी हवा कापते, मागचीस विरोध कमी लागतो आणि वीज वाचते.

या शर्यतीत वीज वाचविणे हा अर्धा खेळ आहे. बॅटरी एकच, आणि हैदराबादेस ती वाटेत भरून घेण्याची सोय नव्हती. जो सुरुवातीस उधळपट्टी करील तो शेवटी रांगत येईल. स्नेह्यांस हे सांगावे लागले नाही. कापसाची गाडी घेऊन पहाटे आदिलाबादच्या बाजाराला निघणारा माणूस चढावर बैल किती राखतो, हे त्यांनी आयुष्यभर केले आहे. मात्र या गाड्या ब्रेक लावताना चाकांच्या फिरण्यातूनच काही वीज परत मिळवितात हे ऐकून ते म्हणाले, "आमच्या बैलाले उतारावर काही वापस भेटत नव्हते."

शर्यत पुढे सरकली आणि आकड्याच्या वळणावर जग्वारच्याच सॅम बर्डचा वेग वेळेत आटोक्यात आला नाही. तो आपल्याच संघातील इव्हान्सवर जाऊन आदळला आणि एका घरच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या. स्नेह्यांचा चेहरा उतरला. पुढचा शेवट विलक्षण होता : ज्याँ-एरिक व्हर्न आघाडीवर, मागे निक कॅसिडीपाशी वीज अधिक, तरी व्हर्नने प्रत्येक वळणावर आतली बाजू झाकून धरली आणि अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने जिंकला. तिसरा आलेला सेबास्तियन ब्युएमी ठरल्याहून जास्त ताकद वापरल्याबद्दल मागे ढकलला गेला आणि ती जागा अंतोनियो फेलिक्स द कॉस्ता यास मिळाली. (पुढील वर्षीची हैदराबादची शर्यत झालीच नाही. राज्यात सरकार बदलले आणि जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द झाल्याचे जाहीर झाले.) स्नेह्यांचे लक्ष मात्र यांपैकी कशातच नव्हते. ते त्या टकरीपाशी थांबले होते.

आता आम्हांस उमगले की प्रश्न कापसाच्या पट्टीचा नव्हताच. आम्ही मुलास विचारले, तुमच्या स्पर्धेत गाड्या अशा चाकाला चाक लावून धावतात काय? हा प्रश्न सकाळी आम्हांस सुचलाही नसता. तो म्हणाला, "नाही आजोबा, ती घड्याळावर असते."

कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. तेथे गाडीची रचना, खर्चाचा हिशेब आणि व्यवसायाचा आराखडा यांनाही गुण असतात. धावण्याच्या परीक्षा वेगळ्या. 'ॲक्सिलरेशन' म्हणजे सरळ थोडे अंतर, एकेक गाडी. 'स्किडपॅड' म्हणजे आठाच्या आकड्यात फिरणे. 'एन्ड्युरन्स' सुमारे २२ किलोमीटरांची. तेथे मार्गावर एकाहून अधिक गाड्या असतात, पण अंतर राखून. मागची वेगवान असेल तर ठरलेल्या जागीच तिला वाट द्यायची, आणि त्यासाठी निळा झेंडा दाखवितात.

"म्हंजे सरळ दाणीवर एकेक गाडी, अन् घड्याळ?" स्नेह्यांनी विचारले. काही पटांतही जोडी घड्याळावरच धावते.

नातवाने 'दाण' म्हणजे काय ते विचारले. आजोबांनी सांगितले, आणि सांगता सांगता त्यांच्या वडिलांनी कोणत्या जोडीबरोबर कोठे पट मारला होता तेही सांगितले. चहा दोनदा झाला. पैशांची गोष्ट कोणी काढली नाही. आम्हीही काढली नाही. निघताना आम्ही चपला घालीत होतो, तोच आतून स्नेह्यांचा आवाज आला :

"अन् त्या आठाच्या आकड्यात तुमची गाडी पुढून सरकते का मागून, ते पाहिलं का रे?"

"पुढून, आजोबा. अंडरस्टिअर आहे."

"मग पुढच्या चाकाची हवा पहा आधी."