कमान गावाच्या मालकीची असावी

नागपूरहून अमरावतीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात शिरण्यापूर्वी तळेगाव (श्यामजी पंत) येथून जातो. आर्वीची आणि आष्टीची वाट येथूनच फुटत असल्याने, आणि राज्य परिवहन महामंडळाचे आगारही येथेच असल्याने, पंचक्रोशीतील ज्या कोणास बाजार, कचेरी अथवा दवाखाना गाठावयाचा असेल त्याचे पाऊल केव्हा ना केव्हा या गावात पडतेच. अशा नाक्याच्या गावी सणासुदीला जी रोषणाईची कमान उभी राहते, ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावरून वाकलेली आणि विजेच्या तारांनी वेढलेली एक सार्वजनिक बांधणी असते. म्हणून ती कोणी उभारावी, कशाची उभारावी आणि उत्सव सरल्यावर तिचे काय करावे, याचा विचार गावाने एकत्र बसून करणे मला अगत्याचे वाटते. माझे मत प्रथमच सांगून ठेवतो. ही कमान भाड्याने आणू नये. ती गावातल्याच तरुणांनी प्लॅस्टिकच्या नळ्यांची तयार करावी, ग्रामपंचायतीच्या दप्तरी तिची नोंद व्हावी, आणि वर्षातील प्रत्येक समाजाच्या प्रत्येक उत्सवाला तीच उभी राहावी.

आज सर्वसाधारण रीत निराळी आहे. पोळा सरून भाद्रपद लागला की मंडळे बिछायत केंद्राकडे धाव घेतात, लोखंडी सांगाडा, त्यावरचा फ्लेक्स आणि रात्रीच्या हिशेबाने आकारली जाणारी रोषणाई ठरवतात, आणि दहा दिवसांनी वर्गणीचा मोठा हिस्सा भाड्यात जिरून गावाच्या हाती काहीच राहत नाही. त्या फ्लेक्सवर देवतेच्या प्रतिमेपेक्षा मोठी छबी कोणा इच्छुक पुढाऱ्याची असते, हे दृश्य तर आपल्या डोळ्यांना इतके सरावाचे झाले आहे की त्यात काही अनुचित आहे असेही कोणास वाटत नाही. मला ते अनुचित वाटते, आणि गावकऱ्यांनीही ते सोसू नये असे मी आग्रहाने म्हणतो.

कमानीचे साहित्य बदलले की तिचे पावित्र्य उणावते, असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याने सांचीच्या महास्तूपाची तोरणे आठवावीत. ती पाषाणाची असली तरी त्यांची घडण काष्ठाची आहे. दोन खांब, त्यांत आडव्या बसवलेल्या तुळया आणि लाकडी जोडकामाची सारी रीत शिल्पकारांनी दगडात जशीच्या तशी उतरवली. दक्षिण तोरणावरील लेखात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा उल्लेख आहे. राजाच्या नावाबरोबर कारागिराचेही नाव तेथे दोन हजार वर्षे टिकून राहिले. लाकडाचा दगड होऊनही तोरण तोरणच राहिले. मग वेळूची नळी होऊन ते भ्रष्ट होण्याचे काही कारण दिसत नाही.

आणि ही नळी आपल्या भागास परकी नाही. आष्टी, आर्वी आणि कारंजा हे तालुके संत्र्यांच्या बागांचे. विहिरीपासून बागेपर्यंत पाणी नेणारे पाइप, ठिबकाच्या नळ्या, त्यांचे कपलर, एल्बो आणि टी यांची ओळख येथील शेतकऱ्याच्या पोरास शाळेत जाण्यापूर्वीच झालेली असते. अमेरिकेत नाताळाच्या सुमारास लोक घरापुढच्या अंगणात अशाच नळ्या अर्धवर्तुळात वाकवून, त्यांवर दिव्यांच्या माळा गुंडाळून प्रकाशाच्या रांगा उभ्या करतात. त्यांना जे हौसेने शिकावे लागते त्यातील निम्मे कसब आमच्या बागाईतदाराच्या हातात आधीपासूनच आहे.

कृतीचा तपशील थोडा विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक कमानी हेतूच्या दोषाने पडत नाहीत, जोडकामाच्या दोषाने पडतात. वाकवण्याच्या भागासाठी शेतीचा जाड पाइप घेऊ नये. वायरिंगसाठी मिळणारी, भारतीय मानक 9537 चा शिक्का असलेली 25 मिलिमीटर व्यासाची नळी घ्यावी. ती तीन मीटर लांबीची येते. दोन नळ्या कपलरने जोडून सहा मीटरची एक केली आणि अर्धवर्तुळात वाकवली, तर पायथ्याशी सुमारे 3.8 मीटर रुंदी आणि मध्यावर 1.9 मीटर उंची मिळते. तीन मीटरचे खांब खाली दिले की माथा 4.9 मीटरवर जातो, आणि देवळाच्या अथवा शाळेच्या वाटेवर एवढी उंची पुरेशी होते. मात्र या रीतीने जोड नेमका माथ्यावर येतो, आणि माथा हेच कमानीचे दुबळे स्थान. यास्तव एकाऐवजी दोन कमानी हातभर अंतराने समांतर उभ्या कराव्यात, दुसरीतील नळ्या दीड, तीन आणि पुन्हा दीड मीटर अशा जोडाव्यात, म्हणजे दोहोंचे जोड एका रेषेत येत नाहीत, आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आखूड तुकड्यांनी दोन्ही एकमेकींस बांधाव्यात.

खांबांना मात्र शेतीचा जुना जाड पाइप उत्तम. त्याच्या पोटात लोखंडी सळई घालून ती जमिनीत ठोकण्याची रीत आहे. परंतु आपली जमीन काळी, भाद्रपदात फुगणारी आणि पाऊस उघडला की भेगाळणारी. तीत नुसती ठोकलेली सळई चार दिवसांत कलते. म्हणून सिमेंटचे ठोकळे ओतून सळई त्यांतच बसवावी. ठोकळे एकदाच ओतावे लागतात, आणि रस्त्यात खड्डा खणण्याचा प्रसंगही टळतो. रहदारीस अडथळा करणाऱ्या मांडवांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेत 2015 आणि 2016 साली कडक आदेश दिलेले आहेत. ते केवळ शहरांपुरते आहेत अशी समजूत कोणी करून घेऊ नये. महामार्गावर तर कमान कोणत्याही सबबीखाली उभारूच नये.

आता विजेचे. येथे मी कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. तारेवर आकडा टाकून उजळलेली कमान देवापुढे उभी करणे हा 2003 च्या विद्युत अधिनियमातील कलम 135 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि त्याहून गंभीर गोष्ट ही की ओल्या सळईत उतरलेला 230 व्होल्टचा प्रवाह हात लावणाऱ्या बालकाचे वय विचारीत नाही. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी सवलतीच्या दराने देते. रीतसर अर्ज करून ती घ्यावी. दिवे बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीचेच असावेत, वीज उतरवणारा ॲडॉप्टर देवळाच्या किंवा दुकानाच्या छपराखाली कोरड्या जागी राहावा, आणि मूळ जोडणीवर तो स्विच असावा ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, जो गळतीचा प्रवाह 30 मिलिअँपिअरवर जाण्याच्या आतच वीज तोडतो. खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही: मीटरमागे पाच वॅट घेणारी पट्टी बारा मीटर लावली, तरी सारे मिळून साठ वॅट होतात, म्हणजे पूर्वी ओसरीवर जळणाऱ्या एका पिवळ्या बल्बाइतके. पाच मीटरच्या पुढे पट्टीचा उजेड मंदावतो, तेव्हा प्रवाह दोन्ही टोकांकडून द्यावा.

ज्या वर्ध्यात 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जेथील मगनवाडीत काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, त्या जिल्ह्यात प्लॅस्टिकची तरफदारी करताना मला संकोच होतो, आणि तो व्हावाच. मांडव वेळूचाच असावा याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. 2018 च्या अधिसूचनेने सजावटीचा थर्माकोल बंद झाला ही गोष्टही इष्टच झाली, कारण ती वस्तू एका उत्सवापुरती जन्मास येत होती. नळीची योग्यता तिच्या आयुष्यावर अवलंबून आहे. ती वर्षानुवर्षे वापरली तर ग्राह्य, एका हंगामात फेकली तर त्याज्य. तिचे शत्रू दोन, ऊन आणि आग. वैशाखाच्या उन्हात उघड्यावर पडलेली नळी ठिसूळ होते. ऐंशी अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडते, आणि जाळले तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सोडते. म्हणून नळी वाकवताना जाळावर धरू नये, तापलेली वाळू पोटात भरावी; मोडके तुकडे शेकोटीत न टाकता भंगारात द्यावेत; आणि उत्सवानंतर सांगाडा सुटा करून पंचायतीच्या अथवा शाळेच्या खोलीत सावलीत आडवा ठेवावा.

हे सारे पार पडावयाचे तर वस्तू कोणा एका मंडळाच्या ताब्यात असून चालणार नाही. मंडळे फुटतात, पदाधिकारी बदलतात, सामान एखाद्याच्या गोठ्यात हरवते. ग्रामपंचायतीने ती जडसंग्रहाच्या नोंदवहीत चढवावी, नेणाऱ्याने सही करून न्यावी, परत आणताना वायरमनने तपासावी. सांगाडा एकच, वरची पताका तेवढी निराळी: शिवजयंतीला तो उभा राहील, 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीस राहील, ईदेला आणि दुर्गोत्सवात राहील, आणि 16 ऑगस्ट 1942 रोजी शेजारच्या आष्टीत ज्यांनी प्राण दिले त्यांच्या स्मरणदिनीही राहील. ज्या कमानीखालून सगळ्यांनी जावयाचे तिच्यावर कोणा जिवंत व्यक्तीची छबी नसावी, एवढी एक अट ठरावात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी.

तळेगावच्या ग्रामसभेला माझी विनंती आहे की, येत्या भाद्रपदापूर्वीच्या बैठकीत हा विषय तिने पत्रिकेवर घ्यावा, नळ्या, ठोकळे आणि दिव्यांच्या खर्चाची तजवीज करावी, आणि पहिली कमान बांधण्याचे काम गावातील वायरमन व बागांत पाइप जोडणारी तरुण मुले यांच्याकडेच सोपवावे.