मोह हे ‘दारूचे झाड’ कोणी ठरवले? (थ्रेड)

१/ मोहाचे नाव निघाले की शहरी मराठी माणसाला आधी दारू आठवते. ही ओळख झाडाने कमावलेली नाही, ती अबकारी खात्याने त्याच्यावर लादली आहे. त्यामागे लोकांच्या आरोग्याची काळजी होती, असे म्हणणे ही इतिहासाची थट्टा आहे.

२/ आधी झाड पाहावे. फाल्गुन-चैत्रात पाने झडलेल्या फांद्यांच्या टोकांना मलईच्या रंगाची, मांसल फुले घोसाने लागतात. रात्री त्यांवर वटवाघळे येतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. वेचणाऱ्याला फांदीसुद्धा तोडावी लागत नाही. ही साखरेने भरलेली फुले वाळवून वर्षभर ठेवता येतात, धान्याबरोबर शिजवता येतात. दुष्काळात त्यांनी माणसे जगवली आहेत. बियांचे तेल खाण्यात, दिव्यात आणि दुखऱ्या सांध्यांवर, फुटलेल्या त्वचेवर चोळण्यात जाते. हिरड्या दुखू लागल्या की सालीच्या काढ्याच्या गुळण्या करतात.

३/ आयुर्वेदात हाच ‘मधूक’. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवे मोजली आहेत. त्यांपैकी १० फुलांची, आणि त्या दहांत मधूक आहे. (यावरून ‘आपल्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते’ म्हणून नाचणाऱ्यांनीही थांबावे. ग्रंथातील नोंद म्हणजे गुण सिद्ध झाल्याचा पुरावा नव्हे. शिवाय हे झाड पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या आंध, कोलाम, गोंड बायांची नावे कोणत्याही संहितेत नाहीत.)

४/ आता कायदा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यावरील सरकारी पकड आवळली. तरीही घरोघरीची भट्टी थांबेना, तेव्हा १८९२ मध्ये थेट फुलावरच घाला आला. त्या वर्षीच्या म्हौरा ॲक्टने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले. त्याच काळात उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत याच फुलांची दारू गाळली जात होती आणि कर भरून मुंबईच्या दुकानांत विकली जात होती. म्हणजे कातकऱ्याच्या टोपलीतले फूल संशयास्पद ठरले आणि उरणच्या गोदामातले कायदेशीर.

५/ परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, म्हणून तो कायदा इथे नव्हता. परंतु निजामी अबकारीतही हे फूल ‘गुलमोहवा’ म्हणून महसुलाची बाब होतेच. गोऱ्या साहेबाला दोष देऊन निजामाला मोकळे सोडणारी मांडणी म्हणूनच अर्धवट ठरते.

६/ स्वातंत्र्यानंतरही दृष्टी बदलली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ‘मोहफूल’ याची स्वतंत्र व्याख्या आहे. त्यात फळ आणि बी येत नाहीत, असेही स्पष्ट केले आहे. एकाच झाडाचे बी निर्दोष, फूल मात्र पहाऱ्यात! मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे हाच कायदा परभणीसही लागू झाला.

७/ ‘दारूने आदिवासींचे संसार उद्ध्वस्त झाले, त्याचे काय?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. मात्र वासाहतिक कायद्याने दारू बंद केली नव्हती, तिचा विक्रेता बदलला होता. घरची भट्टी विझली, परवान्याचे दुकान उघडे राहिले, आणि जे फूल अन्न व औषधही होते ते वेचणारी बाई आरोपी झाली.

८/ महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध २०२१ मध्ये सैल केले, म्हौरा ॲक्टनंतर १२९ वर्षांनी. त्याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देण्याचे धोरण आखले.