सूट नको, परीक्षा घ्या

गाडीचं वय विचारून तिला भंगारात काढा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ती धूर किती सोडते? ब्रेक कसे लागतात? वर्षाला किती किलोमीटर चालते? तिची निगा कोण राखतो? हे चार प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात ते फक्त जन्मसाल. मी शिक्षक आहे. वर्गातल्या पोराचा जन्मदाखला बघून, पेपर न तपासता त्याला नापास केलं, तर पालक शाळेवर मोर्चा आणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. गाडीच्या बाबतीत मात्र हाच न्याय आपण शहाणपणा समजतो.

माझ्याकडे 2002 सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. राहतो आरे कॉलनीत, शिकवतो उर्दू आणि मराठी. स्टाफरूममध्ये मला दर महिन्याला एक सल्ला फुकट मिळतो : "सर, आता तरी बदला ती." सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही आजवर बॉनेट उघडून बघितलेलं नाही.

गाड्यांचा नाद नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भारतात होंडा सिटी 1998 साली आली आणि व्हीटेक इंजिनाची सिटी 2000 साली. इंजिन दीड लिटरचं, ताकद 106 अश्वशक्ती. 2003 साली तिच्या जागी नवी सिटी आली. तिचं इंजिनही दीड लिटरचंच, पण ताकद 77. लोकांना तेव्हा मायलेज हवं होतं, कंपनीनं ते दिलं. त्यामुळे जुनी व्हीटेक ही एका छोट्या काळाची गाडी होऊन राहिली. साध्या चेहऱ्याची, मध्यमवर्गीय, पण पोटात आग असलेली.

ती आग कुठून येते? इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा असतात. त्या किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. सावकाश चालताना थोडी हवा पुरते, जोरात पळताना जास्त लागते. साध्या इंजिनात दोन्हींसाठी एकच उंचवटा असतो, म्हणजे तडजोड. व्हीटेकमध्ये दोन प्रकारचे उंचवटे आहेत. फेरे वाढले की इंजिन ऑइलच्या दाबानं एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि झडपा मोठ्या उंचवट्यावर चालू लागतात. एकाच इंजिनाचे दोन स्वभाव. सकाळी मुलांना शाळेत सोडणारी गाडी रिकाम्या द्रुतगती मार्गावर वेगळीच भाषा बोलते.

आता यातला मुद्दा बघा. हा सगळा चमत्कार ऑइलच्या दाबावर उभा आहे. ऑइल जुनं झालं, गढूळ झालं, जाळीत कचरा अडकला, की दुसरा स्वभाव उघडतच नाही. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तो चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन झडपांवर आपटतो आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणजे अशी गाडी निगा नसेल तर आपोआप मरते. चोवीस वर्षांनंतरही ती व्यवस्थित चालत असेल, तर कुणीतरी चोवीस वर्षं तिची काळजी घेतली आहे, एवढं तरी तिच्या चालण्यावरून समजावं. हलगर्जी मालकाच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या.

कायदा काय म्हणतो? खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ती 10,000 झाली. आपल्या राज्यात 2010 पासूनचा पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे, गाडी भंगारात दिल्याचं प्रमाणपत्र दाखवलं तर नव्या खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. मोडलं तर बक्षीस, जपलं तर दंड. नवी फिल्टर जाळी बसवली, गळणारा पाइप बदलला, धूर कमी केला, म्हणून एका रुपयाची सवलत कुठे आहे का?

आणखी गंमत ऐका. 2021 सालच्या केंद्राच्याच नियमांनुसार 50 वर्षं पूर्ण केलेली, मूळ रूप राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिला खास नंबर प्लेट मिळते, ती आपला वारसा होते. म्हणजे पन्नासाव्या वर्षी वारसा आणि विसाव्या वर्षी भंगार! मग मधली तीस वर्षं गाडीनं कुठे काढायची? वारसा काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी वेडा माणूस टोमणे खात, फी भरत, रविवार घालवत ती तीस वर्षं पार पाडतो, तेव्हा कुठे पन्नासावं वर्ष उजाडतं. राजेरजवाड्यांच्या गॅरेजमध्ये ते जमतं, तिथे गाडी झाकून ठेवायला जागा असते. शिक्षकाच्या गाडीला चिंचेच्या झाडाखाली उभं राहावं लागतं.

आता विरोधी बाजू. ती कमजोर नाही, म्हणून नीट मांडतो. 2002 सालच्या गाडीसाठी धुराची मर्यादा आजच्या बीएस-6 गाडीपेक्षा कितीतरी सैल होती. मी कितीही निगा राखली तरी माझी गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. अपघात झाला तर नव्या गाडीच्या एअरबॅग आणि मजबूत सांगाडा जास्त जीव वाचवतील. हे खरं आहे आणि ते नाकारणारा माणूस गाडीप्रेमी नाही, हट्टी आहे.

पण एकूण धूर म्हणजे दर किलोमीटरचा धूर गुणिले किलोमीटर. हा तिसरी-चौथीचा गुणाकार आहे. माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. तेवढं अंतर एखादी टॅक्सी महिन्याभरात कापते. शिवाय नवी गाडी कारखान्यातून येते ती पोलाद, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि रंग यांचा धूर आधीच मागे सोडून. तो धूर माझ्या गाडीनं 2002 सालीच सोडून झालाय. ती मोडून नवी घेतली, तर तो पुन्हा एकदा निघणार. हा हिशेब कुठल्या फीमध्ये धरला आहे? दिवसाला शंभर किलोमीटर पळणारी जुनी गाडी आणि रविवारी बाहेर निघणारी जुनी गाडी यांना एकच फी. वय सारखं ना, झालं!

आरेत राहणाऱ्या माणसाला हे जास्त टोचतं, त्याला कारण आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो-3 च्या कारशेडसाठी इथे रात्रीतून झाडं पडायला लागली. सर्वोच्च न्यायालयानं 7 ऑक्टोबरला थांबवेपर्यंत 2,141 झाडं तोडून झाली होती. तेव्हा आम्हाला हिशेब समजावून सांगण्यात आला. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, धूर वाचेल, झाडांची भरपाई होईल, म्हणून केवळ झाडं मोजू नका, एकूण गोळाबेरीज बघा. ठीक आहे. मेट्रो ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, मीही तिनं बीकेसीला जातो, गाडी घरी ठेवतो. मेट्रोशी माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारच्या प्रकल्पाला गोळाबेरीज आणि माझ्या गाडीला जन्मतारीख, असे दोन तराजू चालणार नाहीत. झाडाच्या वेळी हिशेब मांडलात ना? मग माझ्याही वेळी मांडा.

आणि पेट्रोलचं काय? आता पंपावर ई-20 येतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. माझी गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. 2021 साली नीती आयोगानं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच अंदाज आहे की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-20 मुळे 6 ते 7 टक्के घटेल. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही, म्हणून त्या बदलून घ्याव्या लागतात. मी घेतल्या. इंधन कोणतं ते तुम्ही ठरवणार, त्यानं मायलेज घटलं तर ते मी सोसणार, आणि वर जुनी गाडी फार पेट्रोल पिते म्हणून बोलणीही मीच खाणार!

पण या भांडणात माझे काही मित्रही मला नकोत. जुनी जपानी गाडी घेतली की सायलेन्सर कापायचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकायचा आणि रात्री बारानंतर आरेच्या रस्त्यावर फटाके फोडत पळायचं, असा एक पंथ आहे. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आदिवासी पाडे आहेत. रात्री बिबट्या रस्ता ओलांडतो. दिवसभर राबलेली माणसं झोपलेली असतात. होंडाच्या इंजिनिअरांनी जे इंजिन कमी आवाजात ताकद देण्यासाठी घडवलं, त्याचं भोंगा केंद्र करणाऱ्याला मी गाडीप्रेमी म्हणणार नाही. जुन्या गाड्यांवर बंदी आलीच, तर तिचा निम्मा मसुदा याच लोकांनी लिहिलेला असेल. गाडी आपली असली तरी आरेतली रात्र आपल्या बापाची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फीच्या आकड्यांत दिसत नाही. अशी गाडी एकटा मालक जपत नाही. ती जपतात उस्ताद. गेल्या मे महिन्यात भर दुपारी माझी गाडी सुरू होईना. संध्याकाळी गार झाली की सुरू, दुपारी पुन्हा बंद. एका मोठ्या, काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आलं की मॉडेल जुनं आहे, इंधन पंपापासून सगळं बदलावं लागेल, भाग मिळतील याची खात्री नाही. आमचे उस्ताद मरोळला टिनाच्या शेडमध्ये बसतात. त्यांनी किल्ली फिरवली, कान दिला आणि म्हणाले, "सर, पंप को हाथ मत लगाओ. रिले का टाँका छूटा है." डॅशबोर्डखालचा मेन रिले काढला, उघडला, भिंगातून दाखवला. डाखावर केसाएवढी गोल भेग. उष्णतेनं ती फाकते, पंपाला वीज जात नाही. गारव्यानं जुळते, गाडी चालू होते. त्या काळच्या होंडांचा हा जगभर ठाऊक असलेला आजार आहे. उस्तादांनी जुना डाख वितळवला, नवा भरला. दहा मिनिटांचं काम.

हे ज्ञान कुठल्या प्रमाणपत्रावर नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात कोणत्या दुकानात व्हीटेकचा डिस्ट्रिब्युटर मिळेल, ऑपेरा हाउसला कुणाकडे अस्सल बेल्ट आहे आणि कुणाकडे डुप्लिकेट, याच पिढीची सिटी थायलंडमध्येही विकली जायची म्हणून कोणता भाग तिकडून मागवता येतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. केंद्र सरकारनं 2022 साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल काढलं, त्यात वाहनंही धरली. चांगलं केलं. पण ज्या गाड्यांवर ही माणसं हात बसवतात त्या गाड्याच वयामुळे मोडीत काढल्या, तर दुरुस्तीचा हक्क बजावायचा कशावर?

या शेडमधली बरीच माणसं माझ्या समाजाची आहेत. 'पंक्चरवाले' हा शब्द आमच्यासाठी शिवी म्हणून वापरला जातो, हे आपण सगळे जाणतो. पण बाहेरच्यांना बोलण्याआधी मला घरातल्यांनाही बोलायचं आहे. पालकसभेत किती वेळा ऐकतो : "सर, अभ्यास करत नाही, आता याला गॅरेजमध्येच टाकतो." जणू गॅरेज म्हणजे तुरुंग! ज्या हुनरावर आपली घरं चालली त्याला आपणच शिक्षा म्हणायचं, आणि मग दुसऱ्यांनी हिणवलं की दुखावून घ्यायचं? मुलगा शिकावाच, त्याला मी दहावीच्या आधी शाळा सोडू देणार नाही. पण शिकून तो आयटीआयला मोटार मेकॅनिक झाला, तर पेढे वाटा. भेग ओळखणारा डोळा आणि कविता ओळखणारा डोळा यांत मला फार फरक वाटत नाही. दोन्हींना वर्षं लागतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मला सूट नको. उलट जास्त कडक परीक्षा घ्या. पाच वर्षांतून एकदा फी घेऊन शिक्का मारण्यापेक्षा 15 वर्षांवरची प्रत्येक गाडी दर वर्षी तपासा. धूर यंत्रानं मोजा, ब्रेक रोलरवर बघा, खालचा पत्रा गंजलाय का ते गाडी उचलून पाहा. जपानमध्ये, जिथे माझ्या गाडीचं इंजिन कागदावर आलं, नव्या कारची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. जुन्या गाडीला तिथेही कर जास्त पडतो, पण तपासणीत पास झालेली गाडी रस्त्यावर राहते. आपण त्याहून कडक होऊ. कर लावायचाच तर किलोमीटरवर लावा, जो जास्त चालवेल तो जास्त भरेल. नापास झाली तर दुरुस्तीला मुदत द्या, पुन्हा तपासा, आणि पुन्हा नापास झाली तर खुशाल भंगारात काढा. माझी सिटी नापास झाली तर मी स्वतः तिला ढकलत नेऊन देईन.

2027 साली तिच्या नोंदणीची मुदत पुन्हा संपेल. फी भरायची माझी तयारी आहे. पण पावतीवर वय लिहिण्याआधी कुणीतरी एकदा बॉनेट उघडावं, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?