वैद्य घडविणाऱ्याला कोण घडवितो?



आपल्या लोंढ्याहून सकाळच्या गाडीने बेळगावी निघालेल्या मंडळींत दवाखान्याचे कागद पिशवीत जपून ठेवलेला कोणी ना कोणी असतोच. सायंकाळी तो परतला की शेजारी विचारतात, “काय म्हणाले डॉक्टर?” कधी उत्तर येते, “पोरगेलाच होता, पण सारे नीट ऐकून घेतले.” आणि कधी, “भराभर लिहिले. माझ्याकडे मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.” दोघेही तरुण एकाच पुस्तकातून शिकलेले. मग हा फरक कोठून आला? त्याचे मूळ पुष्कळदा त्यांना शिकविणाऱ्यांत असते.

प्राथमिक शाळेत मुळाक्षरे शिकवावयाची झाली तरी अध्यापनाची पदविका लागते. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र फार काळ अशी समजूत होती की, ज्याचा शस्त्रक्रियेत हात बसला, त्याला शिकविता येणारच. वस्तुतः या दोन विद्या निराळ्या आहेत. विहिरीला पाणी उदंड असले, तरी पोहरा नसेल तर तहानलेल्याला त्याचा काय उपयोग?

हा पोहरा देण्याचे काम वैद्यकीय शिक्षणाच्या फेलोशिप करतात. फेलोशिप म्हटले की परदेशवारी व मोठी रक्कम डोळ्यांपुढे येते; येथे तसे नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २००० साली ‘फेमर’ नावाची संस्था स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील वैद्यकीय अध्यापकांना अध्यापनाचे शास्त्र शिकवावे, हा तिचा हेतू. पुढे २००५ साली मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, तिचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले. शल्यचिकित्सक डॉ. अविनाश सुपे यांनी त्याची धुरा वाहिली. पाठोपाठ २००६ साली लुधियानास व २००७ साली कोइमतूरला अशीच केंद्रे उघडली.

या फेलोशिपची रीत मोठी समजूतदार आहे. ती दोन वर्षांची असते, परंतु नोकरी सोडावी लागत नाही. अध्यापक काही दिवस केंद्रावर एकत्र राहून शिकतात व मग आपापल्या महाविद्यालयात परततात. प्रत्येकाने आपल्याच विभागातील एखादी उणीव दूर करण्याचा प्रकल्प हाती घ्यावयाचा असतो. मधल्या काळात पत्रव्यवहार संगणकावरून चालतो. अडचण आली की सोबती व मार्गदर्शक धावून येतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा एकत्र जमले की कालचे शिकाऊ नवागतांना हात देतात.

एक उदाहरण पाहू. पूर्वी तोंडी परीक्षेत एकाला सोपा रोगी मिळे, दुसऱ्याला अवघड. परीक्षकाच्या लहरीचाही भाग असे. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली नवी पद्धत मांडली. विद्यार्थ्याने क्रमाने अनेक टेबलांपुढे जावयाचे. प्रत्येक ठिकाणी नेमके एक काम, ठराविक वेळ आणि आधी ठरविलेली गुणांची यादी. एका टेबलावर रक्तदाब मोजावयाचा, तर दुसऱ्यावर रोग्याला औषध कसे घ्यावयाचे ते समजावून सांगावयाचे. समजावून सांगण्याला गुण मिळू लागले की विद्यार्थी तेही शिकतो. अशा पद्धती आपल्या महाविद्यालयात रुजविणे, हे फेलोशिप घेतलेल्या अध्यापकाचे काम.

आपल्याकडे याची गरज अधिक. “जीव घाबरा होतो,” असे खानापूर तालुक्यातील आजीबाई म्हणतात, तेव्हा ती भीती की हृदयाची तक्रार? “अंगात कसर आहे,” याचा अर्थ दूरच्या प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला कोण सांगणार? खाटेपाशी उभा असलेला अध्यापक. त्याने शब्दाचा अर्थ सांगितला तर विद्यार्थ्याला एक शब्द कळला. पण आजीबाईंना आणखी दोन प्रश्न कसे विचारावेत हे दाखविले, तर जन्माची शिदोरी मिळाली.

या फेलोशिपने कित्येकांच्या आयुष्याची दिशा बदलली. अनेकांनी आपल्या महाविद्यालयांतील वैद्यकीय शिक्षण विभागांना बळ दिले व सहकाऱ्यांना शिकविले. २०१९ साली देशभर नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात रोग्याशी वागणूक, नीतिमत्ता व संवाद यांचे शिक्षण पहिल्या वर्षापासून आवश्यक ठरले. त्यासाठी हजारो अध्यापकांना तयार करावयाचे होते, आणि त्या कामी ही मंडळी उपयोगी पडली.

तथापि सारेच गोड नाही. माझ्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी अशा शिक्षणासाठी अर्ज करावयाचे ठरविले, तेव्हा घरच्यांनी पहिला प्रश्न केला, “पगार किती वाढेल?” ते म्हणाले, “नाही वाढणार.” परत आल्यावर सहकाऱ्यांनी थट्टा केली, “आता तुम्ही पुरते मास्तर झालात!” बढतीच्या वेळी नोकरीची वर्षे व छापलेले निबंध मोजले जातात, चांगले शिकविलेला तास मोजण्याचे माप सहसा कोणापाशी नसते. वरिष्ठांचे पाठबळ नसेल, तर उत्तम प्रकल्पही कपाटात धूळ खात पडतो. फेलोशिप बी देते. जमीन मात्र महाविद्यालयानेच नांगरावयाची असते.

आणि थोडी आपणही. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व बंगळूरचे आपले सेंट जॉन्स ही दोन्ही १९६३ साली सुरू झाली. उद्या आपल्या गावची एखादी मुलगी अशा ठिकाणी डॉक्टर होईल आणि घरी येऊन म्हणेल, “मला दवाखाना थाटावयाचा नाही, शिकवावयाचे आहे.” तेव्हा “एवढे शिकून मास्तरकीच का?” असे तिला म्हणू नका. दवाखान्यात बसलेला डॉक्टर समोर आलेल्याला बरे करतो. चांगला अध्यापक मात्र ज्यांना त्याने कधी पाहिलेही नाही, अशांच्या उशाशी आपल्या विद्यार्थ्यांच्या रूपाने उभा असतो. सकाळच्या गाडीने पिशवी घेऊन निघालेला आपला शेजारी त्यांपैकीच एक आहे.