डोंगर पोखरताना पाण्याचे काय?

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणारा पर्यटक दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी पाहून थक्क होतो. भोवती खारा समुद्र आणि मध्ये गोड पाणी! हा चमत्कार मानायला कुणाची हरकत असू नये; मात्र त्यामागचा नियम समजून घेतला तर शिवछत्रपतींच्या दृष्टीचे मोल अधिक कळते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असते. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर तिच्या आधारावर खाली साधारण ४० मीटर जाडीचा गोडा थर टिकतो, असे भूजलशास्त्राचे गणित आहे. वरचा १ मीटर उपसून टाकला, की खालचे खारे पाणी वर सरकू लागते. १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घालणाऱ्यांजवळ हे सूत्र नव्हते, पण पाण्याची जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्यापूर्वी पाणी पाहण्याचा दंडक आहे.

आज त्याच जिल्ह्यात डोंगर खोदण्याची परवानगी देताना पाणी किती जण पाहतात?

कोकणच्या सड्याची रचना थोडक्यात सांगायला हवी, कारण सारा प्रश्न तिच्यातच आहे. वर जांभा, जाळीदार आणि पाणी पिणारा. त्याच्याखाली शेडीची चिकण माती, पाणी सहजी खाली न सोडणारी. ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस जांभ्यात शिरतो, शेडीवर अडतो, आडवा वाहत डोंगराच्या कुशीत येतो आणि तेथे झरा होऊन फुटतो. त्या झऱ्यावर व्हाळ वाहतो, पाटाचे पाणी पोफळीच्या बागेत फिरते, वायंगणी भात पिकते आणि गावाच्या विहिरी भरतात. वरवर उजाड दिसणारा सडा ही खालच्या गावाची पाणपेढी आहे. सरकारी कागदावर मात्र त्याची नोंद ‘पडीक’ अशी होते. एका शब्दाने केवढे नुकसान व्हावे!

अशा डोंगराला वरून खड्डा पाडला की दोन ऋतूंत दोन संकटे उभी राहतात. पावसाळ्यातले संकट दोडामार्ग तालुक्यातील कळणे गावाने भोगले. तेथील लोहखनिजाच्या खाणीला गावकऱ्यांनी आरंभापासून विरोध केला होता. जुलै २०२१ मध्ये, ज्या आठवड्यात चिपळूण बुडाले आणि तळिये दरडीखाली गेले त्याच्या पाठोपाठ, कळण्याच्या खाणीत साठलेल्या पाण्याने डोंगराची कड फोडली आणि चिखलाचा लोंढा वस्तीत व बागायतीत घुसला. यात आश्चर्य काही नाही. डोंगरमाथ्यावरचा खड्डा म्हणजे मंजुरीवाचून बांधलेले धरणच. खऱ्या धरणाला निदान सांडवा असतो, भिंतीची तपासणी असते, पाणी सोडण्याचे वेळापत्रक असते. खाणीच्या खड्ड्यातले पाणी मात्र कडेच्या भुसभुशीत मातीत मुरते, तिचे वजन वाढवते, तिची पकड सैल करते; आणि शेवटी आपला सांडवा आपणच काढते. कळणे नदीचे पाणी पुढे गोव्यात शापोरा नदीत जाते, म्हणजे लाल गाळाला राज्याची सीमाही अडवत नाही.

उन्हाळ्यातले संकट आवाज करीत नाही. खाण भूजलपातळीच्या खाली गेली, की खनिज काढण्यासाठी पंप लावून पाणी उपसावे लागते. खड्डा मग आसपासच्या जमिनीतील पाणी स्वतःकडे ओढू लागतो. गोव्यातील काही खाणी समुद्रसपाटीच्याही खाली उतरल्या. श्री लईराई देवीचे डिचोली तालुक्यातील शिरगाव भक्तांना ठाऊक आहे. तेथील विहिरी खाणींमुळे आटल्याची तक्रार थेट उच्च न्यायालयापर्यंत गेली. वेंगुर्ले तालुक्यातील रेडीची ओळखही अशीच दुहेरी. १९७६ मध्ये खाणीच्या परिसरात सापडलेल्या द्विभुज गणेशाच्या दर्शनाला हजारो कुटुंबे जातात. तेथील जुने खाणखड्डे पाहायला कोण थांबते?

खाण म्हटली की विनाशच, असे मात्र नाही. पोलाद लागतेच, कोळसाही लागतो. विदर्भात वेस्टर्न कोलफिल्ड्सने खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून २०१६ मध्ये ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरले आणि खाणीचे पाणी शेतीलाही दिले. वाया जाणारे पाणी कामी येत असेल तर त्याचे स्वागतच व्हावे. त्याच विदर्भात चंद्रपूरजवळ इरई नदीकाठचे मातीचे ढिगारे पुराचे पाणी शहराकडे ढकलतात, ही तक्रारही जुनी आहे. शिवाय सपाट विदर्भातील उपाय तीव्र उताराच्या सिंधुदुर्गात जसाच्या तसा चालणार नाही. तेथे पाणी उपसून शेताकडे नेता येते. येथे ते डोंगराच्या पोटातून शेताकडे आपोआप येतच होते, खाणीने ती वाट तोडली.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाच्या अतिसंवेदनशील पट्ट्यांत नव्या खाणींना परवानगी देऊ नये, असे सुचवले. पुढची वर्षे गाडगीळ की कस्तुरीरंगन या वादात गेली. विहिरीच्या पाण्याला अध्यक्षाचे नाव ठाऊक नसते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा पर्यावरणसंवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून गौरवलेल्या भूमीच्या रक्षणासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे कोणत्याच पक्षाच्या राज्यकर्त्यांना भूषणावह नाही.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या सूत्रांनुसार खाणीतून भूजल उपसायचे तर परवानगी लागते. पण खाण सुरू होण्यापूर्वी गावातील विहिरींची पातळी काय होती, याची नोंदच नसेल तर पुढे हानी सिद्ध कशी करणार? कंपनीचा अहवाल कंपनीच्या खर्चाने तयार होतो आणि गावकऱ्याच्या हातात फक्त ‘पूर्वी पाणी असायचे’ ही आठवण उरते. म्हणून प्रस्तावित खाणीभोवतीच्या प्रत्येक विहिरीचे आणि झऱ्याचे किमान वर्षभराचे मोजमाप भूजल सर्वेक्षण यंत्रणेने करावे, ते मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावे, आणि मगच जनसुनावणी घ्यावी. मालवण-कुडाळच्या चिरेखाणींनाही हे लागू व्हावे. त्या लहान असतात, पण संख्येने पुष्कळ.

सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. विहीर मोजायला दोरी, दगड आणि वही पुरते. गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांना सोबत घेऊन दर महिन्याच्या एका ठरलेल्या तिथीला, सकाळी पाणी उपसण्यापूर्वी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि ग्रामपंचायतीच्या दफ्तरात तारखेसह नोंदवावे. पहिली नोंद येत्या अक्षय्यतृतीयेची, विहिरी सर्वांत खोल गेलेल्या असतानाची.