बिअरच्या लिटरमागे पाणी किती?

२००९ मध्ये डुलाली ही ब्रूअरी सुरू झाली आणि पुण्यात छोट्या ब्रूअरींची वाट पडली. आज मुंढवा, कोरेगाव पार्कात ताजी बिअर जागेवरच बनते. शहराची तहान मात्र मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांवरच भागते, आणि उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या वाढतात. म्हणून या उद्योगाची कार्यक्षमता कशी मोजायची, हा प्रश्न सगळ्या पुणेकरांचा आहे.

१. रूढ माप अपुरं आहे. ब्रूअर बघतो तो माल्टचा उतारा. चाचणीनुसार १०० किलो माल्टमधून ८० किलो अर्क निघायला हवा आणि प्रत्यक्ष घाण्यात ७२ किलो उतरला, तर कार्यक्षमता ९० टक्के. हिशेब चोख आहे, पण त्यात पाणी कुठेच येत नाही.

२. ग्लासात येतं त्याहून कितीतरी जास्त पाणी टाक्या धुण्यात, वाफेत आणि गार करण्यात जातं. एका लिटर बिअरला एकूण चार ते सात लिटर पाणी लागणं सर्रास आहे. काटेकोर मोठे कारखाने तिनाच्या आसपास येतात. घाणा लहान असला तरी टाकी पूर्णच धुवावी लागते, त्यामुळे छोट्यांचं प्रमाण वाढतं.

३. बचतीची जागा ठरलेली आहे. उकळता वॉर्ट, म्हणजे माल्टचा अर्क उतरलेला द्रव, धातूच्या प्लेटांमधून गार करताना त्यांच्या दुसऱ्या बाजूने सोडलेलं पाणी गरम होऊन बाहेर पडतं. ते साठवून पुढच्या घाण्याला वापरलं, तर पाणी आणि इंधन दोन्ही वाचतं.

४. माल्टचा चोथाही मोजा. १०० लिटर बिअरमागे सुमारे २० किलो ओला चोथा निघतो. गुरांना तो चांगला. पण उन्हाळ्यात लवकर नासतो, म्हणून त्याच दिवशी गोठ्यात पोचायला हवा. गटारात गेला, तर भार मुळा-मुठेवर.

५. हिशेब जाहीर करा. बनलेल्या बिअरची नोंद उत्पादन शुल्क विभागाकडे असतेच. तिच्याशेजारी नळ, बोअर आणि टँकर यांच्या पाण्याचा महिन्याचा आकडा मांडणं बंधनकारक करावं. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो दरवर्षी प्रसिद्ध करावा.

६. हे दुष्काळाआधी व्हावं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात केली. अशी सरसकट कपात काटकसर करणाऱ्यालाही उधळ्याइतकीच भोवते. पुण्यावर ती वेळ आली, तर कोणाचं पाणी किती तोडायचं हे ठरवायला प्रत्येक ब्रूअरीचा आकडा आधीच हाताशी हवा.